जुन्या घरात त्यांना दिसत होतं

आमच्या जुन्या घरात चमचासुद्धा आपली जागा सोडत नसे, आणि त्यासाठी मी सगळ्या गल्लीत बदनाम होते. पाण्याचा तांब्या माठाच्या उजव्या अंगाला, चपला दाराच्या आत डाव्या कोपऱ्यात, खुर्ची दिवाणापासून दीड हातावर. एखाद्या पाहुण्याने खुर्ची जवळ ओढून घेतली, तर तो उठायची वाट बघत मी बाजूलाच उभी राहायची आणि तो उठला की लगेच ती मागे सारायची. शेजारच्या मनकर्णाबाई दारात शिलाई मशीन घेऊन बसायच्या. त्या म्हणायच्या, "देवकाबाईच्या घरात उंदीर शिरला तरी ते त्याले पहिले बसाची जागा दाखवून देईन." सगळ्या हसायच्या. मीही हसायची.

एका दिवाळीत माझ्या सुनेने, ज्योत्स्नाने, हौसेने दिवाण खिडकीकडून भिंतीकडे हलवला आणि मधल्या खोलीत नवा टीपॉय ठेवला. मी तिला आल्यागेल्यासमोर नाही नाही ते बोलले. दिवाण परत जागेवर गेला, टीपॉय माळ्यावर गेला, आणि ती दिवाळीच्या दिवशी न जेवता झोपली. तिला कारण सांगितलं असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं. पण ते कारण सांगायची मला मनाई होती.

माझ्या नवऱ्याला, भैय्याजींना, दिसत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघंच नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले, आतली नस वाळत चालली आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब टाकत राहा. परत येताना एसटीत हे सेलूपर्यंत काही बोलले नाहीत. मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "घरी मोतिबिंदू म्हणून सांगजो. पिकाले वेळ हाय म्हणा." मी मान डोलावली. शपथ वगैरे काही घातली नाही त्यांनी. गरज नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरात एक मोतिबिंदू आठ वर्षं पिकत होता. मुलगा प्रफुल दर उन्हाळ्यात म्हणायचा, बाबा, ऑपरेशन करून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. हे म्हणायचे, पिकू दे अजून. त्याला वाटायचं बाबा ऑपरेशनला भितात. शेवटची तीन वर्षं तर त्यांना फक्त ऊन आणि सावली एवढाच फरक कळत होता. तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, यावर आता कोणाचा विश्वास बसत नाही. पण तुम्ही ते घर बघायला हवं होतं आणि त्या घरातली त्यांची चाल.

वर्ध्याच्या बाजारामागच्या गल्लीतलं घर. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे हातभर अंगण आणि मोरी. दोन भिंतींमध्ये हात पसरले तर एक हात भिंतीला लागायचाच. पन्नास वर्षं ते त्या भिंतींमधून चालले होते. अंथरुणातून उठले की चार पावलांवर चौकट, चौकटीपासून सहा पावलांवर माठाचा गारवा, मग मोरीच्या नळाचा टपटप आवाज. दाराबाहेर तीन पायऱ्या, नालीवरची फरशी, मनकर्णाबाईच्या मशीनची खडखड, पुढे गिरणीची घरघर आणि पिठाचा वास, मग चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज, आणि तिथून डावीकडे वळलं की आमचं कापडाचं दुकान. रोज सकाळी साडेनऊला ते धोतराचा सोगा हातात धरून निघायचे आणि दीडला जेवायला परत यायचे. कोणी रामराम केला की आवाजावरून नाव घेऊन उत्तर द्यायचे. समोरून सायकल आली तर लोकच बाजूला होत. भैय्याजींना वाट देणं ही गल्लीची जुनी सवय होती.

आणि दुकानात तर त्यांना डोळे लागतच नव्हते. कापड त्यांनी जन्मभर बोटांनी पाहिलं होतं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात कापडाचा कोपरा धरून ते पॉपलीन कोणतं, रुबिया कोणतं, मिलावट किती, हे सांगायचे. बायका आपल्या घरच्या साड्या आणून त्यांना विचारायच्या. कात्रीने बारीक चीर देऊन कापड एका झटक्यात सरळ फाडायचे. फक्त रंग बोटांना कळत नाही. त्याची सोय रामाजीने केली होती. रामाजी म्हणजे आमच्या दुकानातला तीस वर्षांचा माणूस. त्याने सगळे तागे रंगाच्या ठरलेल्या क्रमाने लावले होते, आणि गिऱ्हाईक आलं की तो मोठ्याने म्हणायचा, "भैय्याजी, बाईसाहेब तो आंबा कलर पाहून राह्यल्या, वरून तिसरा." याबद्दल त्या दोघांत एक शब्दही कधी झाला नव्हता. माझ्याशीही नाही.

आमच्यासारख्या दुकानदारांच्या घरी राहतं घर बाईच्या नावावर घ्यायची रीत होती. धंद्यात काही बरंवाईट झालं तरी चूल हलू नये म्हणून. त्या रीतीने ते घर माझ्या नावावर होतं. मी आर्वीहून लग्न होऊन आले तेव्हा तिथे भाड्याने राहत होतो, प्रफुल झाला त्या वर्षी ते विकत घेतलं. माझ्या सासूबाई मधल्या खोलीतच वारल्या. प्रफुल तिथेच पहिल्यांदा उभा राहिला, भिंतीला धरून. मला त्या घराची माया होती. पण मी आज खरं लिहायला बसले आहे, तर हेही लिहिते की त्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पहिली दहा वर्षं चुलीचा धूर, मग स्टोव्हचा वास, मग गॅस. भिंत मात्र तीच, डोळ्यांसमोर दोन फुटांवर, हिरव्या ऑइलपेंटची. उन्हाळ्यात पोळ्या लाटताना पाठीवरून घाम कमरेपर्यंत वाहायचा. मी पन्नास वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कोणाला काही म्हटलं नाही, कारण सगळ्याच बायका कोणत्या ना कोणत्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

प्रफुलची नोकरी सावंगीला. त्याने तिकडच्या एका ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन ठेवला होता. नातू पियुष पुण्याला नोकरीला लागला, त्याच्यासाठी मुली सांगून येऊ लागल्या, तेव्हा घराचा विषय निघाला. एक पाहुणे येऊन गेले. त्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्यायले, आणि जाताना मुलीच्या मामाने पुढच्या खोलीकडे पाहत विचारलं की मुलगा सुट्टीत आला की झोपतो कुठे. प्रफुलच्या फार जिव्हारी लागलं ते. त्यानंतर महिन्याभरात तो नकाशा घेऊन आला. खाली दोन खोल्या, वर दोन, मोठा हॉल, पुढे पोर्च, मागे मोकळी जागा. त्याने नकाशा दिवाणावर पसरला आणि बाबांचं बोट धरून एकेका चौकोनावर ठेवलं. हे किचन, हा हॉल, ही तुमची खोली. हे कागदावरून बोट फिरवत राहिले. "बरं हाय, बरं हाय," म्हणाले.

बांधकामासाठी जुनं घर विकावं लागणार होतं, ताबा नवं घर झाल्यावर द्यायचा, आणि विकायला माझी सही. प्रफुलने जबरदस्ती केली नाही. आठ दिवस घे, म्हणाला, विचार कर.

त्या आठ दिवसांत रामाजी एका दुपारी आपल्या जेवणाचा डबा न्यायला आला आणि ओट्यावर उगाच रेंगाळला. "वहिनी, भैय्याजी तिकून दुकानात कसे येतीन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, प्रफुल गाडीवर आणून सोडेल. तो चपलेकडे पाहत म्हणाला, "सोडून देईन हो. पण गाडीवर बसून राह्यलेला मानूस आणि चालत येनारा मानूस..." आणि डबा घेऊन निघून गेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना हे स्वतःच बोलले. "तुले तिकडं जमत नसंन, तर तसं सांगून देजो प्रफुलले. मोकळेपनानं सांग."

मला बरोबर समजलं. सात वर्षं तेच चाललं होतं. खुर्ची हलू नये ही त्यांची गरज, आणि खवट म्हातारी मी. दिवाण हलू नये ही त्यांची गरज, आणि सुनेला रडवणारी मी. आता घर हलू नये, तर त्यालाही मीच नाही म्हणावं, आणि कारणही माझंच असावं: म्हातारीला जुनी गल्ली सोडवत नाही. मी म्हटलं असतं तर सगळ्यांनी ते खरं मानलं असतं.

मग ज्योत्स्ना मला त्याच ले-आउटमधलं तिच्या ओळखीच्या बाईंचं घर दाखवायला घेऊन गेली. आमचंही असंच होणार होतं. तिथलं स्वयंपाकघर आमच्या पुढच्या आणि मधल्या खोलीएवढं होतं. ओट्यासमोर भिंतभर खिडकी, आणि खिडकीबाहेर थेट पांढऱ्या बोंडांनी भरलेलं कपाशीचं शेत. वेचणाऱ्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या. वारा आत येत होता. मी नळ सोडला, त्याखाली हात धरला आणि बंद केला. ज्योत्स्ना माझ्याकडे पाहत होती. तिने विचारलं, "आई, आवडलं का तुमाले?" मी म्हटलं, ठीक आहे. पण परत येताना ऑटोत मी त्या खिडकीशी उभी राहून पोळ्या करत होते.

रविवारी दुपारी चहा झाला आणि प्रफुल म्हणाला, "आई, सांग आता. तू नाई म्हटलं तर मी हा विषय पुन्हा काढत नाई."

भैय्याजी दिवाणावर बशीत चहा ओतून पीत होते. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांना माझी जागा नेहमी माहीत असायची.

"बांध," मी म्हटलं. "माही काही हरकत नाई."

प्रफुलचा चेहरा उजळला. ज्योत्स्नाने माझे पाय धरले. हे बशीतला चहा शेवटपर्यंत प्यायले, बशी खाली कपाशेजारी ठेवली, आणि म्हणाले, "चांगलं झालं."

त्या रात्री काय, नंतरच्या वर्षभरातही ते मला या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मी स्वतःला समजावत राहिले की ते नवं घरही शिकून घेतील, मी तिथेही सगळं जागच्या जागी ठेवेन. पण खरं तर मला ठाऊक होतं. पन्नास वर्षांत शिकलेली गोष्ट सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकता येत नाही, आणि लपून तर नाहीच.

दिवाळीनंतर वास्तू झाली. प्रफुल आणि ज्योत्स्ना पूजेला बसले. हे एका खुर्चीवर भिंतीला पाठ लावून बसले ते पंगत उठेपर्यंत तिथेच. लोक येऊन म्हणायचे, भैय्याजी, चला, वरचा मजला दाखवा. ते म्हणायचे, गुडघे कुरकुर करतात बाबा, तुम्ही पाहून या. जाताना सगळे म्हणून गेले की भैय्याजींना एवढं मोठं घर पाहून भरून आलं.

त्या घरात हात लावायला काही नव्हतं. हॉल चोवीस फुटांचा. मधोमध गेलं की चारही बाजूंना नुसती हवा. आमच्या जुन्या घरात प्रत्येक खोलीला आपला वास होता, आपला आवाज होता. इथे सगळीकडे रंगाचा वास आणि बोललं की घुमणारा आवाज. सगळ्या चौकटी एका मापाच्या, सगळी दारं एका गुळगुळीतपणाची. आमची खोली खाली, मागच्या बाजूला. तिथून बाहेर पडून उजव्या भिंतीला हात लावत अकरा पावलं गेलं की बाथरूम. डाव्या हाताला हॉल. दुपारी ज्योत्स्ना शेजारी गेली की मी त्यांचा हात धरून त्यांना फिरवायची. ते मुकाट्याने फिरायचे. शाळेत नापास झालेल्या पोरासारखं तोंड व्हायचं त्यांचं. चार दिवसांनी म्हणाले, पुरे, समजलं.

प्रफुल त्यांना सकाळी दुकानात सोडायचा आणि ऑफिस सुटल्यावर आणायचा. दीडचं जेवण डब्यात गेलं. दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत ठीक, पण तिथे उतरल्यावर कुठल्या बाजूला तोंड आहे हे त्यांना कळेना. गाडी कधी इकडून थांबायची, कधी तिकडून. एकदा ते बाजूच्या भांड्यांच्या दुकानात चढले. एक दिवस घरी आले आणि म्हणाले, आता दमलो, दुकान बंद करू. प्रफुलला वाटलं, चला, बाबांनी शेवटी आराम करायचं मनावर घेतलं. रामाजी हिशोब चुकता करून आर्वीकडे त्याच्या मुलीकडे गेला. जाताना माझ्या पाया पडला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मग हे दिवसभर खोलीत. सोफा दर आठवड्याला हलायचा, कारण ज्योत्स्नाला मोकळ्या घराची हौस होती, आणि मी आता काही बोलत नव्हते. इथे खवटपणा करायला मला तोंड नव्हतं. दोनदा त्यांचं नडगीला लागलं. मी हळद लावली. तेव्हा मी ज्योत्स्नाला सांगू शकले असते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जुन्या घरात ते गुपित त्यांचं होतं. नव्या घरात ते माझं झालं. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी ज्योत्स्नाने हळदीकुंकू ठेवलं. नव्या घरातलं पहिलं. चाळीसेक बायका येणार होत्या, जुन्या गल्लीतल्याही. तिने हॉल मोकळा करून सतरंज्या घातल्या, सगळ्या खुर्च्या उचलून आमच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये उजव्या भिंतीला लावून ठेवल्या. वाण म्हणून स्टीलचे छोटे डबे आणले होते, ते हॉलच्या कोपऱ्यात उतरंडीसारखे रचले. मी त्या खुर्च्या पाहिल्या. बाजूला करायला सांगते, असं मनात आलंही. तेवढ्यात मनकर्णाबाई आल्या आणि मी त्यांना स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेले. भैय्याजींना सांगून गेले होते की बाहेर बायका आहेत, काही लागलं तर हाक मारा.

मनकर्णाबाईंनी खिडकीशी उभं राहून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "देवकाबाई, तुमी राज्य करून राह्यल्या इथं." मला ते फार गोड लागलं. मी त्यांना कपाटं उघडून दाखवली, पिठाचा डबा बसायची जागा दाखवली, गरम पाण्याचा नळ दाखवला. तेवढ्यात ज्योत्स्ना सगळ्या बायकांना घेऊन वरचा मजला दाखवायला गेली. हॉल रिकामा झाला.

यांनी नंतर सांगितलं की त्यांनी मला दोनदा हाक मारली होती. मला ऐकू आली नाही. जुन्या घरात त्यांनी कूस बदलली तरी मला ऐकू यायची. मग ते स्वतःच उठले. उजव्या भिंतीला हात लावायला गेले तर खुर्च्या लागल्या. खुर्च्यांना वळसा घातला आणि भिंत सुटली. हात फिरवता फिरवता एक चौकट लागली, बाथरूमच्या चौकटीसारखीच. आत गेले. सगळीकडे शांत होतं. चार पावलं गेले, कोपरा लागला.

मला आवाज आला तो डब्यांवर पाणी पडल्याचा. मी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि त्याच वेळी बायका जिन्यावरून खाली उतरल्या. ज्योत्स्ना पुढे होती, काहीतरी बोलत होती, ती बोलता बोलता थांबली. तिच्या मागच्या सगळ्या थांबल्या. बांगड्यांचा आवाज तेवढा क्षणभर राहिला. तो त्यांना ऐकू आला. त्यांची पाठ आमच्याकडे होती, हात पायजम्याच्या नाडीवर. ते वळले नाहीत. तसेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, आणि जे सुरू झालं होतं ते थांबवता येत नव्हतं.

कोणी हसलं नाही. जिन्यावरून कोणीतरी हळूच म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं वाटते. मनकर्णाबाईंनी खांद्यावरची शाल काढली, जाऊन त्यांच्या पाठीवर टाकली आणि बायकांना म्हणाल्या, चला गं, बाहेर पोर्चमध्ये बसू. मी दारातच होते. 

संध्याकाळी प्रफुल आला. ज्योत्स्नाने त्याला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. तिला रडू येत होतं. डबे घासून पालथे घातले होते. हे हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते, अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत. प्रफुल त्यांच्यासमोर बसला. बराच वेळ बोलला. या वयात असं होतं, बाबा, त्यात लाज नाही. नागपूरला मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत, सोमवारीच जाऊ. मग जरा थांबून म्हणाला की घरी पाहुणे असतील तेव्हा तेवढा वेळ खोलीला बाहेरून कडी लावत जाऊ, म्हणजे तुम्हालाच त्रास नको.

"हाव," हे म्हणाले. "डोकंच गेलं असंन माहं. लावत जाजो कडी."

ते शांतपणे म्हणाले. आंधळं म्हणवून घेण्यापेक्षा त्यांना वेडं म्हणवून घेणं बरं वाटलं, की मला वाचवायला त्यांनी तसं म्हटलं, हे मला आजही कळलेलं नाही. पण ते ऐकून मला बसवलं नाही.

"ह्यायचं डोकं ठीक हाय," मी म्हटलं. "ह्यायले दिसत नाई. मोतिबिंदू नाई तो, काचबिंदू हाय. आठ वर्सं झाले. आता काहीच दिसत नाई."

प्रफुलने बाबांकडे पाहिलं. त्याने आपला हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, आणि मग लाज वाटून खाली घेतला. यांनी मान खाली घातली होती.

ज्योत्स्नाने विचारलं, "मंग तिकडच्या घरी ते कसे..." आणि ती मध्येच थांबली. तिला खुर्ची आठवली असेल, दिवाण आठवला असेल, ती न जेवता झोपलेली दिवाळी आठवली असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. "आई, मले एक शब्द सांगितला असता."

प्रफुल म्हणाला, "तुले माहीत होतं, तरी तू बांध म्हटलं?" मग त्यानेच मला वाट करून दिली. "तुले वाटलं असंन, बाबा इथंबी शिकून घेतीन."

चांगला मुलगा आहे माझा. मी हो म्हटलं असतं तर विषय तिथे मिटला असता. हेही माझ्या उत्तराची वाट पाहत होते. त्यांचं तोंड माझ्याकडे वळलं होतं.

"नाई," मी म्हटलं. "मले माहीत होतं ह्यायचं काय होईन ते. पण मले हे घर पाहिजे होतं."

 बाहेर ले-आउटच्या रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली. हे उठले, आणि प्रफुल धरायच्या आत दोन पावलं चुकीच्या बाजूला गेले.

दुसऱ्या दिवशी प्रफुल जुन्या गल्लीत जाऊन आला. कशाला गेला होता, त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घर पाडून तिथे नव्या मालकाचे कॉलम उभे राहिले आहेत, एवढं मनकर्णाबाईंकडून कळलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्या डॉक्टरांचंच सांगितलं. प्रफुलने पांढरी काठी आणली. आणि मग ज्योत्स्नाने जे केलं ते मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं. तिने त्यांना विचारलं, कुठे काय ठेवू. मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारलं. सोफा कुठे ठेवू, बाबा? खुर्ची किती पावलांवर? ते आधी चिडले, दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग द्यायला लागले. पॅसेजमध्ये एक दांडी ठोकून घेतली. चौकटींवर तिने वेगवेगळ्या कापडांच्या पट्ट्या खिळल्या: बाथरूमला खादी, हॉलला मखमल, आमच्या खोलीला रुबिया. बोट लावलं की त्यांना कळतं. महिनाभरात ते फाटकापर्यंत जाऊ लागले. आता संध्याकाळी काठी घेऊन ज्योत्स्नाबरोबर ले-आउटच्या कोपऱ्यापर्यंत जातात. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते की बाबांना दिसत नाही, आणि ते तिच्या शेजारी उभे राहून ते ऐकतात.

म्हणजे शिकता आलं असतं. येत नाही, ही माझी खात्रीही खोटी होती. लपवायचं नसतं तर कोणतंही घर चाललं असतं.

माझ्याशी ते बोलतात. चहा दे, पंखा लाव, प्रफुल आला का, सगळं बोलतात. आवाज चढवत नाहीत. मी स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारली की येतात, वाढलेलं जेवतात. पण कधी वाटेत अडखळले, दांडी सापडेना झाली, आणि मी जवळ जाऊन हात पुढे केला, की माझ्या बांगड्या ओळखून ते जागच्या जागी थांबतात आणि म्हणतात, "ज्योत्स्नाले बोलाव." ती शेजारी गेलेली असली, बाजारात गेलेली असली, तर ती येईपर्यंत तिथेच उभे राहतात. मीही उभी राहते. एकदा पाऊण तास उभे होते.